डब्यावरचं नाव

सुपेला बाजारात भांड्यांच्या दुकानी राधाबाई परातीवर नाव कोरून घ्यायला थांबल्या होत्या. पुढच्या मायलेकींपैकी लेक उद्या नोकरीसाठी बंगळूरला निघणार, हे त्यांनी बोलण्यावरून केव्हाच टिपलं होतं.

"खुशबू, मशीन तू धर. डब्यावर तुह्यं नाव तूच कोर."

"मम्मी, मेरी राइटिंग देखी है ना? वाकडी येते."

"येऊ दे. त्याच्यासाठीच तू माह्या हातचा मार खाल्ला."

"मग आता कावून पाह्यजे?"

"फोनवर सगळ्याइचं अक्षर सारखंच दिसते."

"पण होस्टेलात स्टीलचा डबा कोणी नेत नाही. स्टाइल नाही राहत."

"तुले कोण देऊन राहिलं? डबा घरी राह्यते."

मशीन घरघरत राहिली. मग दुकानदारानं परातीसाठी हात पुढे केला.

राधाबाईंनी परात पिशवीत घातली. "राहू द्या. आमचा पोरगा बबलू दिवाळीत येतो म्हणते, तेव्हा त्याच्याच हातानं."