ठाण्यात भावकी न्यायची नसती

मी दुबलगुंडीची, माहेर बी तिथलंच आन सासर बी तिथलंच, ह्या गल्लीतून उचलून त्या गल्लीत दिली मला, म्हून गाव सोडून राहायचं म्हंजी काय ते ठावंच न्हवतं. आमी बौद्ध. आमचे मालक गवंडी, आन मी त्येंच्या हाताखाली, माल कालवायचा, घमेली द्यायची, पाणी मारायचं. गावात बांधकाम असून असून किती असनार ताई, एकाचं घर झालं की दुसऱ्याची वाट बघत बसायचं. मालक म्हनले, चल बीदरला, तिकडं रोज एक बंगला उठायलाय. म्हून आलाव. खोली घेतली, चूल मांडली, कामं बी लागली, खोटं कामून बोलू, पहिलं वरीस बरं गेलं.

आता पोलिसाचं सांगते. तुमी तेच इचारायलाव न्हवं? गावात पोलीस येत न्हाई असं न्हाई, येतो. बांधावरून भांडण झालं, कुनाची म्हस कुनाच्या रानात शिरली, की चावडीवर बोलावणं यायचं. मंग आमच्याकडं पद्धत अशी, की बोलावलेला माणूस एकटा जात न्हाई. भावकी जाती. चुलते जातात, मामे जातात, जावई गावात आलेला असला तर त्यो बी जातो, समदे जाऊन लिंबाखाली बसायचे, बोलायचं एका म्हाताऱ्यानं आन बाकीच्यांनी नुस्तं बसायचं. जितके जास्त बसले तितकं त्या माणसाचं वजन. एकटा गेला तर पोलीस म्हनायचा ह्येचं कुनी न्हाई, आन दोन ठेवून द्यायचा. लहानपनापासून हेच बघितलं. मला वाटलं पोलीस तो पोलीस, गावचा काय आन शहराचा काय.

एका बंगल्यात काम चालू होतं, वरच्या मजल्यावर न्हाणीची फरशी. मी खाली सिमीट कालवायले, तेवढ्यात मोटरसायकलवर दोन पोलीस आले. बंगलेवालीच्या सोन्याच्या बांगड्या कपाटातून गेल्या म्हनं. त्या घरात कामवाली होती, डायवर होता, दूधवाला येत होता, पावनेरावळे येत होते, पर धरलं कुनाला, तर खेड्यातून नव्यानं आलेल्याला. हात सुदीक धू दिले न्हाईत. थापी हातातून काढून घेतली, मधी बसवलं आन नेलं, आन बंगलेवाली गॅलरीत उभी राहून बघायली. मी तशीच सिमीटाच्या हातानं मागं पळाले.

ठाण्यात हवालदार बसलेला. त्येनं कन्नडमधी इचारलं, गाव कोनतं. दुबलगुंडी म्हनले. गल्ली कोनती? काय सांगू तुमाला ताई, गल्ली इचारली की काय इचारलंय ते आमाला कळतंय, आमच्या आज्याला बी असंच इचारायचे. मी मान वर करून सांगितलं, आमी जयभीमवाले. त्येनं माझ्याकडं बघितलं बी न्हाई, म्हनला, जा घरला, चौकशी करून सोडताव. आतून कुनीतरी वरडायलेलं ऐकू आलं. त्ये मालकच होते का दुसरं कोन, आजून मला ठावं न्हाई, मी त्येंला इचारलंच न्हाई कधी.

मंग मी काय केलं, गावाला फोन लावला. मामंजींला म्हनले, तुमच्या लेकाला धरलंय, या. आन दुसऱ्या दिशी सकाळीच मामंजी आले की! एकटे न्हाई, टमटम भरून आले, मामंजी पुढं पांढरी टोपी घालून, माझा दीर, चुलते, माझे दोघं भाऊ, आत्याबाई. एका फोनवर कामधंदा सोडून आले. मला इतकं बरं वाटलं तवा, म्हनलं आता माझ्या माणसाला कोन हात लावतंय बघू. ठाण्याच्या आवारात झाडाखाली समदे रांगेनं बसले. कुनी आवाज केला न्हाई. सायब बाहीर गेलाय म्हनले, म्हून वाट बघितली, ऊन चढलं, भूक लागली, तवा आत्याबाईनं फडकं सोडून भाकरी आन ठेचा वाटला.

तेवढ्यात सायबाची जीप आत आली. बघितलं तर आवारात माणसंच माणसं, भाकरी खायलेली. त्येला वाटलं ह्ये धरणं धरून बसलेत, जेवनाची तयारी करून आलेत. गेटवरचा शिपाई पळत आला, त्यो आपल्या दखनीत म्हनला, अम्मा, इत्ते लोगां कायकू लाये? मी म्हनले, भावकी हाय, नुस्तं बसायला आलेत. त्येनं कपाळाला हात लावला. तवर काठ्या सुरू. इचारपूस न्हाई, काय न्हाई, जमाव केला म्हनं, ठाण्यावर चालून आलाव म्हनं. म्हाताऱ्या मामंजींच्या थोबाडात मारली, टोपी ठेच्यात पडली. दीर नुस्तं म्हनला, म्हाताऱ्याला कामून मारायलाव सायब. झालं, त्येला बी आत घातलं. सकाळी आत एक होता, दुपारी दोन झाले. आन ते कुनामुळं, माझ्या फोनमुळं म्हनतात गावातले. मी म्हनते, माझ्यामुळं कामून? भाकरी खानाऱ्याला काठी मारनाऱ्यामुळं का न्हाई?

मामंजी ठेच्यानं भरलेली टोपी हातात धरून टमटममधी बसले, माझ्याकडं पाठ करून. गाडी गेली.

त्याच्या दुसऱ्या दिशी मी बंगल्यावर गेले. म्हनलं पाय धरते, ह्या बाईनं सांगितलं तर सोडतील. दार उघडलं, मी काय बोलायच्या आदीच ती म्हनाली, अगं, बांगड्या सापडल्या की. मी म्हनले, कवा? परवाच, म्हनाली. हैदराबादच्या लेकीनं नेल्या होत्या, लग्नात घालायला, सांगायची इसरली, ज्या दिवशी तुझ्या नवऱ्याला नेलं त्याच दिवशी संध्याकाळी तिचा फोन आला.

ऐका ताई. त्याच दिवशी संध्याकाळी! म्हंजी मामंजींच्या तोंडावर हात पडला तवा बांगड्या सापडलेल्या होत्या. दिराला आत घातलं तवा सापडलेल्या होत्या. मी म्हनले, मंग ठाण्यात कामून सांगितलं न्हाई? तर म्हनती, ह्ये गावाला गेलेत, मी एकटी बाई ठाण्याची पायरी कशी चढू, लोक काय म्हनतील. मी तिचं मनगट धरलं. चपला घाला म्हनले. ती सोड सोड म्हनायली, कामवाली बघत उभी, मी काय सोडते! रस्त्यानं तशीच नेली, समद्या कॉलनीनं बघितलं, बघू दे म्हनलं.

ठाण्यात तिला खुर्ची दिली. पंखा लावला, चहा मागवला. मी भिंतीला टेकून उभी. तिनं सांगितलं तवा सायब हसला, हसला बरं का, म्हनला होतंय मॅडम असं कधी कधी. मंग दोघांला बाहीर आनलं. मालकांच्या पायाचे तळवे सुजलेले, भिंत धरत धरत आले, बोटाला फरशीचं सिमीट तसंच वाळलेलं. आन ती बाई उठली, म्हनाली, सॉरी, तुमाला लई तरास झाला. कुनाला म्हनाली? सायबाला! माझा नवरा तिच्यापुढं उभा होता, त्येच्याकडं बघितलं बी न्हाई.

आता मालक काम करतात, पर घराच्या आतलं काम घेत न्हाईत, बाहीरची भिंत न्हाईतर कंपाऊंड, कपाट दिसंल तिथं पायच ठेवत न्हाईत. गावाला जाताव तर लोक म्हनतात, उगाच कोन धरतंय, काहीतरी असंल. आपलेच लोक, ज्येनी काठ्या खाल्ल्या तेच. आन ह्या भागात कुठं बी चोरी झाली की हवालदार पहिला आमच्या दारात. नाव एकदा आत गेलं की काढायला कुनी न्हाई. पर आता मी दारात उभी राहते. कसल्या कामाला नेताव ते आदी सांगा म्हनते, मी संगं येते म्हनते, एकटी येते. त्येला आवडत न्हाई. न आवडू दे. शेजारच्या खोलीत जनवाड्याची नवी पोरगी आलीय नांदायला, तिला बी मी पहिल्याच दिशी सांगितलं, बाई, हितं गाव बोलवायचं न्हाई, हितं आपनच गाव व्हायचं. तिचं बरं होवो, तिच्या दारात कुनी न येवो.

तुमी लिवून घ्यायलाव न्हवं? मंग माझं बाकीचं ऱ्हाऊ द्या, एवढं वर लिवा, मोठ्या अक्षरात लिवा, माझा नवरा चोर न्हाई. ठाण्यात कुनी लिवलं न्हाई ते. आदी ते लिवा ताई, चहा मंग घ्या.