आधी हूक, मग रंग
चहा घ्या, सांगतो. आमचे चुलते, तात्या, उद्यमनगरात जीपा दुरुस्त करायचे. एकदा कागलचं पावणं वरातीसाठी जीप रंगवायला घेऊन आलं. तात्यांनी गाडी ओढायच्या पुढच्या हुकावर हातोडा हाणून बघितला.

"ह्यो नुसता बंपरला डकवलाय. जाड पट्टी घालून चेसीला बोल्ट मारतो, मग रंग."

पावणं खवळलं, "वरातीत जीप कोण ओढतंय ओ?"

तात्या म्हणाले, "माझ्या पोराच्या जीपला बी आधी रंगच दिलता. हूक मागनं बघू म्हटलं. पंचगंगेच्या पुरात पोरगं जीपसकट अडकलं. ट्रॅक्टरनं वढाय गेलो, तर साखळीसंगं नुसता बंपर आला."

त्यांनी कोपऱ्यातल्या बंपरकडं बोट केलं.

"त्यो बघा. रंग अजून तसाच हाय."