माझ्या वाट्याचा ओरडा

खोलीत

धाकटी : ...आणि मग म्हणाले, "बुटांत पाय आहेत की नुसते मोजे कोंबलेत?"

ताई : कधी? वर असताना की उतरताना?

धाकटी : उतरताना गं. वारा आडवा होता, विमान खेकड्यासारखं तिरकं चाललेलं, पायाने पेडल दाबून सरळ करायचं. मी म्हटलं, "पाय आहेत सर, पण माझं ऐकत नाहीत."

ताई : असं म्हणालीस? त्यांना?

धाकटी : मग काय करणार! तर म्हणाले, "तुझ्यासारखी मुलगी माझ्या पोटी असती तर मी तिला बोटीवर नोकरीला पाठवली असती. विमानाच्या वाऱ्यालासुद्धा उभी केली नसती."

ताई : हसत म्हणाले?

धाकटी : कोण, सर? छे. वेगाच्या काट्यावर नखाने टकटक, टकटक. एक दिवस काच फुटणार ती. आणि खाली आल्यावरही सुटका नाही. विमान दोरांनी बांधून होईपर्यंत चालूच. मी गाठ मारतेय आणि हे डोक्यावर उभे. गाठीवरूनसुद्धा बोलले.

ताई : गाठीवरून काय बोलले?

धाकटी : ताई, उलटतपासणी का घेतेयस? मला शिव्या बसल्या की तुला मजा येते का गं?

ताई : नाही. सांग ना. गाठीवरून काय?

धाकटी : "अशी गाठ मारलीस तर उद्या सकाळी विमान शेजारच्या शेतात चरताना सापडेल."

ताई : मला गाठीवरून कधी काही बोलले नाहीत.

धाकटी : कारण तुझी गाठ नीट असते! नशीबवान आहेस. उतरलीस, "ठीक आहे" म्हणाले, संपलं. तू जेवायला मोकळी.

ताई : हो. जेवायला मोकळी.

धाकटी : तोंड का वाकडं झालं आता?

ताई : मी तुझ्या कितीतरी आधी आले इथे. उडायचं वेड तुला मी लावलं. पहिल्या आठवड्यात मलाही "ए पोरी" म्हणायचे. आता "चला, मॅडम". उद्या मला विमानात एकटीला सोडणार की नाही, तेही माहीत नाही. विचारलं, तर म्हणाले...

धाकटी : "ठीक आहे, बघू."

ताई : आणि तुझं विचारलं तर अर्धा तास बोलले. तुझ्याबद्दल. माझ्याजवळ.

धाकटी : अगंबाई! काय बोलले?

ताई : वाईटच.

धाकटी : मग झालं तर.

ताई : अर्धा तास, पण.


हवेत

सर : वारा सरळ समोरून आहे. हे उतरणं नीट झालं की मी बाहेर पडतो. पुढची फेरी तुमची एकटीची. कळलं?

ताई : हो, सर.

सर : वेग?

ताई : सत्तर. हवा तेवढा.

सर : ठीक आहे.

ताई : पासष्ट.

सर : —

ताई : साठ, सर.

सर : —

ताई : साठच्या खाली गेलाय.

सर : दिसतंय मला.

ताई : पंचावन्न.

सर : —

ताई : सर, तुम्ही काही बोलत नाही.

सर : सोडा. विमान माझं.

ताई : विमान तुमचं.

सर : वर जातोय. उतरायचं नाही आता.

ताई : सर, पुन्हा एकदा येऊ दे ना मला. या वेळी मी—

सर : हात मांडीवर ठेवा.

ताई : सर...

सर : —


धावपट्टीच्या कडेला

(धाकटी विमानात एकटी, आकाशात. सर आणि ताई गवतात उभे. सरांच्या हातात वॉकीटॉकी.)

सर : ती फेरी मारून येईपर्यंत वेळ आहे. बोला. मघाशी ते काय होतं?

ताई : चूक झाली, सर. सॉरी. पुन्हा होणार नाही.

सर : चूक नव्हती ती. चूक होते तेव्हा हात घाबरतो, काहीतरी करायला धावतो. तुमचा हात उन्हातल्या मांजरासारखा पसरला होता. वर मला वेग वाचून दाखवत होतात. बातम्या दिल्यासारख्या! माझी परीक्षा घेत होतात?

ताई : नाही, सर.

सर : मग?

ताई : वाटलं, तुम्ही काच वाजवाल.

सर : काय वाजवीन?

ताई : काच. तिच्या वेळी वाजवता तशी. काहीतरी बोलाल. मोज्यांचं, बोटीचं... मला एकदाही...

सर : आणखी थोडा वेग गेला असता तर विमान दगडासारखं खाली आलं असतं. ओरडा खाण्यासाठी?

ताई : तुम्ही होता ना शेजारी.

सर : अरे वा. म्हणजे मी असलो की चालतं.

ताई : सॉरी.

सर : हे बघा, हे! पहिल्या आठवड्यात मी म्हटलं होतं, विमानाचं नाक जरा वर धर. आठवतं?

ताई : रोज आठवतं.

सर : दुसऱ्या दिवशी तुम्ही इतकं वर धरलंत की समोर नुसतं आकाश. डोळे सुजलेले, ओठ शिवलेले. काय झालं विचारलं, तर "सॉरी, सर". पट्टा लावताना सॉरी. पाणी पिताना सॉरी. घाबरलो मी. म्हटलं, हिला आणखी काही बोललो तर ही मोडेल. तेव्हापासून गप्प बसतो. तुमची बहीण भांडते. असं का, तसं का नाही, अमुक केलं तर काय होईल. डोकं उठवते माझं, पण तिच्या डोक्यात काय चाललंय ते मला समजतं. तुमच्या डोक्यात काय चाललंय ते मला आज समजलं, तेही झाडांच्या शेंड्यांवर लोंबकळत असताना.

ताई : मग आता बोला. मनात ठेवलेलं सगळं.

सर : सगळं?

ताई : मी मोडणार नाही.

सर : बरं. वळताना डोळे काट्यांवर. बाहेर अख्खं जग पडलंय, त्याच्याकडे ढुंकून बघत नाही. रेडिओवर असं पुटपुटता की टॉवरमधल्या माणसाला वाटतं, कोणी आजारी आहे. इंजिनाला थ्रॉटल तर औषधाच्या थेंबांसारखं देता. पाणी घालून दिलंत तरी चालेल.

ताई : थ्रॉटल किती द्यायला हवं होतं?

सर : हां! हे विचारायला इतके दिवस लागले. तर थ्रॉटल... थांबा. ती येतेय.

ताई : सर, थ्रॉटलचं सांगत होतात.

सर : श्श. नाक, पोरी, नाक. आता पाय दे. दे, दे... लाजतेस काय धावपट्टीला... हळू. अगं, हळू... टेकली! शाब्बास. शाब्बास माझी वाघीण! पाहिलंत?

ताई : पाहिलं.

सर : घसा कोरडा पडला माझा.

ताई : तुम्ही बटण दाबलं नव्हतं. तिला ऐकू गेलं नाही, सर.

सर : ऐकवायचं नव्हतंच. एकटीला सोडल्यावर आपण तोंडाला कुलूप लावायचं असतं. आणि तोंडावर शाब्बास म्हणायला मला जमत नाही, जीभ अडखळते. तुम्ही सांगा तिला घरी. म्हणावं, म्हाताऱ्याने पापणी लववली नाही. काय? सांगाल ना?

ताई : सांगते. आणि उद्या... माझं?

सर : उद्या मी शेजारी. पुढच्या आठवड्यातही मी शेजारी. एकटीने जायचं नाव इतक्यात काढू नका.

ताई : पण बोलाल?

सर : तो दोर घ्या. विमान येतंय बांधायला.


पुन्हा खोलीत

धाकटी : शेजारची सीट रिकामी, ताई! मी तिचा पट्टासुद्धा बांधून ठेवला होता, तरी सारखी तिकडे बघत होते. आणि विमान इतकं हलकं झालेलं की जमीन सुटली ती पतंगासारखी!

ताई : सरांचं वजन नव्हतं ना.

धाकटी : शिव्यांचं वजन नव्हतं म्हण. हस ना गं.

ताई : हसले की.

धाकटी : तुझं काय झालं? मी वर जायच्या आधी सरांना विचारलं तर म्हणाले, "तिलाच विचार."

ताई : वेग कमी झाला. सोडलं नाही मला.

धाकटी : तुझा वेग? तुझा?

ताई : हो. माझा.

धाकटी : शप्पथ सांगते, मला तुझ्यानंतर जायचं होतं. तुझ्याआधी नको होतं.

ताई : असू दे. चहा घे, गार होतोय.

धाकटी : एक विचारू? चिडणार नसशील तर.

ताई : विचार.

धाकटी : धावपट्टीला समांतर जात होते ना, तेव्हा मी खाली पाहिलं. तुम्ही दोघं गवतात, मुंग्यांएवढे. सरांची पाठ माझ्याकडे. हातवारे करून तुझ्याशी बोलत होते. मी पहिल्यांदा वर एकटी, आणि त्यांचं तोंड तुझ्याकडे.

ताई : ओरडत होते.

धाकटी : तुला?

ताई : मला.

धाकटी : काय काय म्हणाले?

ताई : पुष्कळ. थ्रॉटल औषधाच्या थेंबांसारखं देते म्हणाले. पाणी घालून दिलं तरी चालेल म्हणाले.

धाकटी : हे मला नाही कधी म्हणाले.

ताई : तुझं वेगळं आहे.

धाकटी : काय वेगळं? मी उतरले, इंजिन बंद केलं, धावत त्यांच्याकडे गेले. आणि ते "बांध" म्हणाले. बस, बांध! चांगलं नाही, वाईट नाही. मी मुद्दाम ढिली गाठ मारली, ताई. तरी काही बोलले नाहीत. निघून गेले.

ताई : दमले असतील.

धाकटी : उतरताना तरी वळले असतील ना माझ्याकडे? मला बघता येत नव्हतं, मी समोर बघत होते.

ताई : माझ्याशी बोलत होते.

धाकटी : शेवटपर्यंत?

ताई : शेवटपर्यंत.

धाकटी : एकदाही नाही वळले?

ताई : नाही.

धाकटी : मग मला पाहिलं कोणी?

ताई : मी पाहिलं.

धाकटी : कशी उतरले?

ताई : एक चाक आधी टेकलं.