तुम्हाला काय वाटतं?

परदेशात डॉक्टरी करताना पेशंटच्या मताचा मान राखणं हे सर्वांत पवित्र कर्तव्य, असं डॉक्टर गेली अकरा वर्षं मानत आले होते. त्या दुपारी ते केबिनच्या अर्धवट उघड्या दाराआड चहा पीत होते आणि बाहेर बाकावर त्यांचीच पेशंट नणंदेशी बोलत होती.

“काय म्हणाला गं डॉक्टर?”

“पित्ताशयात खडे आहेत म्हणाला. ऑपरेशन करता येईल, नाहीतर थोडं थांबता येईल. आणि मग मलाच विचारतो, तुम्हाला काय वाटतं?”

“अगं बाई! आपल्यातला असून?”

“मला काय वाटतं ते कळलं असतं तर इथे कशाला आले असते, वन्सं?”

“आपल्याकडचे डॉक्टर कसे खेकसायचे! निम्मं दुखणं तिथेच पळायचं.”

“हा नुसता गोड हसतो. इथे मला घास गिळायची धास्ती वाटते. कुणीतरी एकदा ‘कर’ म्हणा, की मी सुटले.”

डॉक्टरांनी कप खाली ठेवला, ते बाहेर आले आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी आवाज चढवला.

“ऑपरेशन करायचं! मंगळवारी सकाळी उपाशीपोटी यायचं!”

दोघी लगबगीने उठून उभ्या राहिल्या. पेशंटच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी समाधान दिसलं.

“बरं,” ती म्हणाली, “ह्यांना विचारून सांगते.”