दहाची गाडी आठ लाखांत

शोरूममध्ये माझ्या शेजारी एक मुलगी आणि तिचे वडील बसले होते.

“शंभर वर्षांची फ्रेंच कंपनी आहे, बाबा.”

“मला शिकवतेस? वीस वर्षं त्यांच्या गाड्यांना दारं बसवली मी. एका सकाळी गेलो, तर फाटकाला कुलूप.”

“कारखाना तोट्यात होता.”

“आणि आम्ही? ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. दहाची गाडी तुला आठ लाखांत कशी देतायत?”

“कर्मचाऱ्यांना सवलत असते.”

“कोण कर्मचारी?”

“मी. सोमवारपासून.”

“आईला माहीत आहे?”

“हो. तुम्हाला सांगायचीच भीती वाटत होती.”

“दुसरी कंपनी नाही मिळाली तुला?”

“मिळाली होती. मला हीच हवी होती.”

वडील उठून दाराकडे निघाले.

“बाबा, उठलात कुठे? गाडी दारात आणलीय. बसणार ना?”

“आधी युनियनमध्ये नाव घालशील, तर बसतो.”