आमचं घर दहा मिनिटं पुढे

...आणि परत तेच! ओळखत नाही! तुम्हाला सांगते, नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं, तरी पलीकडचा सर्व्हर आपला म्हणतोय, ओळखत नाही! अरे, खातं उघडताना बरा ओळखत होतास?

काम केवढं? उल्हासनगरच्या जीन्सवाल्या सेठचा माल तयार झाला, की सगळ्या दुकानदारांना आपोआप एसेमेस जायचा. प्रोग्राम मी लिहायचा, मेसेज एका एसेमेस कंपनीच्या सर्व्हरने पाठवायचा. नोकरी सोडून घेतलेलं माझं पहिलं स्वतःचं काम हो! आणि सेठ सारखा फोनवर, "मनाली बेटा, हुआ क्या? नहीं तो मेरा भांजा है, वो कर देगा." भाचा म्हटलं की मी लागले घाईने कामाला. परत पाठवते... ओळखत नाही!

शेवटी कंपनीला फोन लावला. तिथली मुलगी इतक्या गोड आवाजात म्हणते, "मॅडम, आपकी रिक्वेस्ट फ्यूचर से आ रही है." फ्यूचर? बाई, मी अंबरनाथहून बोलतेय! तर म्हणे, प्रत्येक रिक्वेस्टवर तुमच्या कॉम्प्युटरची वेळ येते, ती चुकली की आम्ही आत घेत नाही.

मी कॉम्प्युटरचं घड्याळ बघितलं. भिंतीवरचं बघितलं. मग बाबांकडे बघितलं... बाबा ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झालेले. जन्मभर भोंग्याच्या आधी गेटवर हजर, कारण घरातलं प्रत्येक घड्याळ दहा मिनिटं पुढे! कॉम्प्युटर मागे दिसला, तोही पुढे घेतला. वर तो इंटरनेटवरून आपोआप सुधारू नये म्हणून सेटिंगमधली टिकची खूणसुद्धा काढून टाकलेली!

आता बाबांशी भांडणार कोण? मी प्रोग्राममध्येच एक ओळ टाकली, वेळेतून दहा मिनिटं वजा. आणि गेला हो मेसेज! इतकं हलकं वाटलं, बाबांना मिठीच मारली. सेठ म्हणाला, उद्या सगळ्यांना पाठव.

सकाळी सेठ लाइनवर, मी बटण दाबलं, आणि... ओळखत नाही!

मागून बाबा हळूच म्हणाले, "मनू, तुझ्या कामात अडचण नको, म्हणून मी घड्याळ बरोबर लावून ठेवलं."

जन्मात पहिल्यांदा! माझ्यासाठी! यांच्यावर रागवायचं तरी कसं? काल मी दहा मिनिटं पुढे होते, आज दहा मिनिटं मागे. वजाबाकीची ती ओळ काढायला वेळ कुठला, सेठ लाइनवर खोळंबलेला... माझ्याच हाताने घड्याळ परत दहा मिनिटं पुढे केलं.

मेसेज धडाधड गेले. आणि बाबा म्हणाले, "मी काय म्हणत होतो?"