थुंकणारी अल्पाका

माकुसानीच्या जनावरांच्या बाजाराकडे निघालेल्या बसमध्ये, गुरांच्या दवाखान्यात नुकतीच नोकरीला लागलेली नोएमी खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर विल्बर होता. त्याच्या पायाशी लांब मानेची, पांढऱ्या लोकरीची अल्पाका पाय दुमडून बसली होती आणि शेजारी एक अनोळखी म्हातारी.

“विकायला चाललास का रे?”

“परत करायला, मावशी. मेंढ्या देऊन घेतली होती. आता मेंढ्याच परत आणणार.”

“खोड काय तिची?”

“थुंकते.”

“तुझ्यावर?”

“माझ्यावर नाही, शेजाऱ्याच्या नरावर. पहिल्यांदा आणला तेव्हा शहाण्यासारखी खाली बसली. परवा पुन्हा आणला, तर त्याच्या तोंडावर हिरवी पिचकारी. वर लाथा.”

“मधे किती दिवस गेले?”

“तीन आठवडे. एवढ्यात नर नकोसा झाला, म्हणजे वांझच निघाली. बायको म्हणते, मेंढ्यांनी असं कधी केलं नाही.”

नोएमी बोलायला पुढे वाकली, पण म्हातारी आधीच हसत होती.

“मेंढ्या सांगत नाहीत रे बाबा. ही सांगते.”

“काय सांगते?”

“तुला पोरं किती?”

“चार.”

“दिवस गेल्यावर बायको तुला जवळ येऊ द्यायची?”

“एकदा पातेलं फेकून मारलं होतं.”

“मग?”

विल्बरने वाकून अल्पाकाच्या पोटावर हात ठेवला.

“ड्रायव्हरदादा, गाडी थांबवा.”

“इथं? बाजार अजून तासभर लांब आहे.”

“घरी जायचंय.”

“किती जण उतरताय?”

“तीन.”